गाडी मागे आणणारे सर

आधी टायपिंगच्या सरांचं नाव घेते, काय झालं ते मागाहून सांगते. नाव घेते म्हणायचं आणि नाव सांगायचं नाही हे विचित्रच, पण पेणमध्ये त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. भाजीवाली सर म्हणायची, पोस्टमन सर म्हणायचा, आणि ज्यांना त्यांनी जन्मात काही शिकवलं नव्हतं ते नाक्यावरचे हवालदारसुद्धा "सर, स्कूटर बाजूला घ्या" म्हणायचे. मी आज पेणला पंख्याखाली खुर्चीवर बसून काम करते, आणि माझी आई परभणीकडच्या आमच्या गावात "पोरगी कॉम्प्युटरवर हाय" असं मान वर करून सांगते, ते या सरांमुळे. नाहीतर नववी अर्धी सोडलेल्या मला लोकांनी केव्हाच एसटीत बसवून परत पाठवलं असतं.

गावाकडच्या बायकांबरोबर मी पेणजवळच्या हमरापूरला आले ती गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. माझा हात थरथरतो. लहानपणापासून आहे ते. कुणी नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी थरथरतो. त्यामुळे देवाचे डोळे आखायला मला कधी दिलं नाही. मला उंदीर दिले. सबंध सीझन मी उंदीर रंगवले. कारखाना चालवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. सीझन संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाय, तू पोर चांगली हायस. पन तुझे उंदीर बगून लोक विचारतात, याला ताप हाय काय? पेनला जा, टायपिंग शिक. मशिनीवर थरथर चालते."

तशी मी सरांच्या क्लासात गेले.

क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता. गिरणी चालू झाली की सगळी जमीन हलायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी एकटीच थरथरत नाही. सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली होती, त्यामुळे क्लासातही कॉम्प्युटर होते, विंडोजवाले. पण दारापाशी सरांनी एक जुना टाइपरायटर ठेवला होता, आणि देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं आधी त्याचा लिव्हर ओढायचा. ओढल्याशिवाय प्रवेश नाही.

"एंटर म्हणजे काय?" सरांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"खालच्या ओळीवर जायचं बटण," मी म्हणाले.

"चूक. एंटर म्हणजे दोन कामं. गाडी मागे आणायची, आणि कागद वर सरकवायचा." टाइपरायटरचा जो भाग कागद घेऊन डावीकडे सरकत जातो त्याला ते गाडी म्हणत. "आता गाडी मागे न आणता नुसता कागद वर सरकवला तर काय होईल?"

मी वाकून कागदाकडे बघितलं. मग सरांनी करूनच दाखवलं. पहिली ओळ जिथे संपली तिथूनच दुसरी सुरू झाली, दुसरी संपली तिथून तिसरी. अक्षरं उजवीकडे उतरत उतरत कागदाबाहेर गेली.

"बघ. जिना झाला. माणसं अशीच घसरतात. एक काम करतात, दुसरं विसरतात."

हे तत्त्व सरांनी टाइपरायटरपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते सगळ्या जगाला लावलं. बोलताना वाक्य संपलं की त्यांचा हात हवेत वर जायचा, एक न दिसणारा लिव्हर ओढायचा आणि खाली यायचा. तो हात खाली येईपर्यंत वाक्य संपलेलं नसायचं. मध्ये कुणी बोललं तर म्हणायचे, "थांब, अजून गाडी मागे आलेली नाय." बाजारात नवा दुकानदार असला की घोळ व्हायचा. सर "कांदे" म्हणून हात वर करायचे, तो बिचारा वर टांगलेला लसूण काढून द्यायचा.

एसटीतून गेले की शेवटच्या थांब्यावर उतरायचे नाहीत. ड्रायव्हर गाडी मागे घेऊन फलाटाला लावेपर्यंत जागेवर बसून राहायचे. "गाडी मागे आल्याशिवाय प्रवास संपत नाय," कंडक्टरला सांगायचे. रोह्याच्या स्टँडवरचे कंडक्टर त्यांना ओळखून होते. एकजण मला म्हणाला, "तुमचे सर ना? हुशार मानूस. पन मला रोज वाटतं, झोप लागली काय."

पुढे क्लास बंद पडला. मुलं मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करायला लागली. सर म्हणत, "दहा बोटं दिली देवानं, आणि ही दोनावर संसार करतात." बंद झाल्यावर त्यांना शेठनी बोलावून घेतलं. शेठ मूळचे रोह्याच्या बाजूचे, उमेदीची वर्षं आखातात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढून आलेले. येताना त्यांनी सोन्याऐवजी 'सिस्टीम' आणली होती, असं ते स्वतः म्हणत. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वीच पेणला ऑफिस काढून गणपतीच्या कारखान्यांसाठी एक प्रोग्राम विकायला सुरुवात केली होती. मूर्ती केवढी, बसलेली की उभी, पीतांबर पिवळं की भगवं, गिऱ्हाईक कोण, हे सगळं त्यात भरायचं. मग त्याची चिठ्ठी छापून निघायची, ती मूर्तीच्या पाटाला चिकटवायची. हमरापुरात एका छपराखाली सारख्याच चेहऱ्याचे गणपती ओळीनं बसलेले असतात. चिठ्ठी नसेल तर कुणाचा देव कुणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही.

सरांना तिथे 'टेस्टिंग आणि शिस्त' असं पद मिळालं. सर शेठना म्हणाले, "एकटा येत नाय. ही पोरगी पण येईल. हिला येत काही नाय, पण सांगितलेलं ऐकते." माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं नव्हतं. कामाबरोबर मला राहायला ऑफिसच्या मागची खोलीही मिळाली.

प्रोग्राम लिहिणारे इंजिनिअर मात्र रोह्याला, आपल्या घरी बसत. पेणला आपल्याला हवा मानवत नाही म्हणत. त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. "विंडोज सामान्य माणसांसाठी असतं," असं त्यांनी मला एकदा समजावलं. लिनक्स फुकट मिळतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पेण आणि रोह्याचं भांडण इथेच सुरू झालं. विंडोजवर लिहिलेल्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात: एक गाडी मागे आणायची, एक कागद वर सरकवायची. जुन्या यंत्रावरून तशाच उचलल्या आहेत. लिनक्सवाल्यांनी ठरवलं की आता ना गाडी आहे ना कागद, एक खूण पुरे. हे कळलं त्या दिवशी सरांनी दुपारचा डबा उघडला नाही.

"म्हणजे हे लोक गाडी मागे आणतच नाहीत?"

"सर, हा टाइपरायटर नाही," फोनवरून इंजिनिअर.

"म्हणूनच बिघडतंय सगळं," सर, आणि हात हवेत.

रोह्याची फाईल सरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांबलचक ओळ दिसायची. सर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. "बघा, रोह्याच्या माणसाला ओळ संपवता येत नाय." उलट पेणची फाईल रोह्याला गेली की इंजिनिअरना जागोजागी चिलटं बसल्यासारखी चिन्हं दिसायची. ते म्हणत, "पेणचा माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो."

शेठनी यावर नागोठण्याला मीटिंग घेतली. नागोठण्याला, कारण सर रोह्याला जाणार नव्हते, इंजिनिअर पेणला येणार नव्हते, आणि हायवेवरच्या एका हॉटेलात भजी बरी मिळायची. मीटिंगमध्ये असं ठरलं की पेणनं पेणसारखं करावं, रोह्यानं रोह्यासारखं करावं, आणि एकी ठेवावी. शेठ खूश झाले. म्हणाले, "बघा, बोलण्यानं सगळं सुटतं."

सर परत आले आणि त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक बटण तयार केलं. नाव ठेवलं, 'शिस्त'. ते दाबलं की प्रोग्रामच्या सगळ्या फाईलींतल्या सगळ्या ओळींच्या शेवटी दोन-दोन खुणा बसायच्या. मला म्हणाले, "काम पाठवायच्या आधी शिस्त दाबायची. विसरायचं नाय."

मी कशाला विसरते? मला सांगितलेलं एवढंच येतं.

आता शेठच्या सिस्टीमबद्दल सांगायला हवं, कारण माझा जीव तिच्यातच अडकला. आमचं सगळं काम गिटमध्ये असतं. गिट म्हणजे प्रोग्राम ठेवायची सामायिक जागा. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली, ते सगळं त्याला ठाऊक असतं. कुठल्याही ओळीला विचारा, तुला शेवटचा हात कुणी लावला, की ती नाव सांगते. शेठना गिटमधलं एवढंच आवडलं होतं. आखातात त्यांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खोक्यावर माणसाचं नाव असायचं. खोकं फुटलं की त्या माणसाला बोलवायचं, चौकशी नाही, वेळ फुकट नाही. तोच कायदा त्यांनी इथे लावला. कारखान्यातून तक्रार आली की शेठ ती ओळ बघणार, तिच्यावर ज्याचं नाव असेल त्याचा मोबाईल नंबर थेट गिऱ्हाईकाला देऊन टाकणार. "जिसका नाम, उसका फोन. खल्लास." मला वाटतं अख्ख्या जगात गिट असं वापरणारं आमचं एकच ऑफिस असेल.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर ऑफिसचा फोन नंबर बदलला. चिठ्ठीच्या तळाला तो छापलेला असायचा. शेठ म्हणाले, "हे हिला करू दे. एकच तर ओळ आहे. शिकेल." पेणहून तोपर्यंत गिटमध्ये कुणी काम पाठवलेलंच नव्हतं. सर नुसते तपासायचे, पाठवायचे ते इंजिनिअर. मी पहिली. मी नंबर बदलला, पुन्हा पुन्हा वाचला, देवाचं नाव घेतलं, शिस्त दाबली आणि पाठवून दिलं.

इंजिनिअरचा मेसेज आला: "अभिनंदन! तुम्ही संपूर्ण प्रोग्राम नव्याने लिहिलेला दिसतो."

मला खरंच वाटलं की कौतुक आहे. मी खालच्या दुकानातून पेढे आणले.

झालं होतं असं की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण वाढली होती, म्हणून गिटच्या हिशोबी प्रत्येक ओळ बदलली होती, आणि बदलणारी मी. आता प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीला विचारलं तरी ती माझंच नाव सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला आत्यांचा.

"काय गो बाय, दीड फुटाचा गनपती पंधरा फुटाचा छापलास? गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलाय गो न्यायला! दोरखंड आनलान, चार मानसं आनलान. मी त्याच्या हातात एवढासा गनपती कसा देऊ?"

"आत्या, ते मी नाही केलं. १.५ मधलं ते टिंब आधीपासूनच गळून पडतंय."

"मग नाव तुझं कसं? शेठ सांगतात, बाईचं नाव हाय. आमच्याकडं होतीस तवा उंदीर बिघडवलेस, आता देवावर आलीस?"

ते टिंब मी पाचवीत असेन तेव्हापासून पडत असावं. पण गिटपुढे वयाचा दाखला चालत नाही. गडब गावचा एकजण ओरडला की त्याच्या चिठ्ठीवर त्याच्या सासऱ्याचं नाव येतं, आणि घरात त्यावरून अबोला आहे. एक कारखानदार रोज फोन करून फक्त एवढंच विचारायचा, "पिवळं म्हटलं तर गुलाबी का येतं, ते सांगा." मी रोज सॉरी म्हणायचे. फोन वाजला की माझ्या हाताची थरथर खांद्यापर्यंत चढायची. जेवण जाईना. घरी आईला सांगितलं, काम वाढलंय.

आणि मग, माझं काम छपाईपर्यंत पोचल्यावर, चिठ्ठ्या छापायच्याच बंद झाल्या. सगळ्या कारखान्यांची छपाई चालवणारं मशीन रोह्याला, लिनक्सवर. त्याला काम सांगणाऱ्या फाईलच्या पहिल्या ओळीतच, ते काम करायला मशीनमधल्या कुठल्या प्रोग्रामला बोलवायचं, ते नाव लिहिलेलं असतं. त्या नावाच्या शेवटी माझ्या शिस्तीची जादा खूण चिकटली होती. मशीन त्या खुणेसकट हाक मारत बसलं, आणि त्या नावाचं त्याला कुणी सापडेना. इकडे हमरापुरात टेम्पो लागलेले, आणि लोक पेन्सिलीनं पाटावर नावं लिहीत होते.

शेठ ऑफिसात आले. मोबाईलवर ओळ उघडली. "नाम किसका?" असं स्वतःलाच विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं. शेठ मनानं वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तू अच्छी है. पण सिस्टीम म्हणजे सिस्टीम. उद्या नागोठण्याला मीटिंगला ये, तिथेच संपवू. खोलीचं बघ कुठे ते."

मी पिशवी भरली. कपडे थोडेच होते. काम गेलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर थेट गाव. दुसरीकडे अर्ज करायचा तर नववीच्या अर्ध्या दाखल्यावर कोण उभं करणार? आणि आईनं तर अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं.

नागोठण्याच्या हॉटेलात आम्ही चौघं बसलो. शेठनी भजी मागवली. निरोप द्यायचा असला तरी ते उपाशी पाठवत नसत. इंजिनिअर म्हणाले, "शिक्षण नसताना गिटला हात लावू द्यायलाच नको होता."

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता माझी बाजू घेतील. पण त्यांनी टाइपरायटरपासून सुरुवात केली. गाडी म्हणजे काय, कागद म्हणजे काय, एका खुणेनं जगाचा जिना कसा झाला. शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून ऐकायला लागले. शेठनी घड्याळ बघितलं. मी भज्यांकडे बघत होते. सर म्हणाले, "म्हणून मी ऑफिसात शिस्त बसवली. काम पाठवायच्या आधी प्रत्येकानं..." हात लिव्हरला गेला, आणि तिथेच थांबला.

त्यांना इतका वेळ हवेत हात धरून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वेटर समजला आपल्यालाच बोलावतायत. तो आला, म्हणाला, "काय देऊ?"

सर खाली बसले. माझ्याकडे बघितलं. "तू शिस्त दाबलीस?"

"हो सर. तुम्ही सांगितलं होतं."

"मग ती खूण माझी हाय," सर शेठना म्हणाले. "हिची नाय. हिला काढायचं कारण नाय."

"सर, मला मान्य," शेठ म्हणाले. "पण नाव हिचं दिसतंय. आज तुमच्यासाठी सिस्टीम मोडली तर उद्या सगळे मोडतील."

"मग नाव काढायचं कसं?"

इंजिनिअरनी भजं खाली ठेवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. "प्रोग्राममध्ये एक छोटी फाईल ठेवायची. तिच्यात एक ओळ लिहायची: कुणाचं मशीन कुठलंही असो, आमच्या ओळींना शेवटी एकच खूण. मग सगळ्या ओळी त्याप्रमाणे करून पाठवायच्या. छपाई लगेच सुरू होईल, आणि पुन्हा असं कधी होणार नाही."

"आणि नाव?"

"सगळ्या ओळी पुन्हा बदलणार ना. जो पाठवेल त्याचं नाव. सगळ्या ओळींवर." जरा थांबून ते म्हणाले, "मी पाठवणार नाही."

"मग तू हे आधी का नाय केलंस?" शेठनी विचारलं.

"फोन कोण घेणार?" इंजिनिअर म्हणाले. या उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"एकच खूण," सर म्हणाले. "गाडी मागे न आणता."

"हो, सर."

सरांनी चहा बशीत ओतला, प्यायले. तेवढ्यात मी घाईघाईनं म्हणाले, "सर, राहू द्या. मी जाते. मला उंदीर येतात."

"गप गो," सर म्हणाले. मग इंजिनिअरचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला. भज्याचे हात रुमालाला पुसले, दहा बोटं बटणांवर ठेवली आणि पडद्यावर बघत, बोटांकडे न बघता, ती ओळ लिहिली. इंजिनिअर सांगत होते त्याच्या जरा पुढेच. शेवटी एंटर दाबलं. लिनक्सचं एंटर, एका खुणेचं. सवयीनं हात वर निघाला. सरांनी तो धरून खिशात घातला.

"नाव काय टाकू?" इंजिनिअरनी विचारलं.

"माझं. पूर्ण टाक. वडिलांच्या नावासकट."

त्या दिवशी मला सरांचं नाव कळलं.

दुपारी चिठ्ठ्या छापून निघायला लागल्या. मी पिशवी घेऊन परत खोलीवर आले आणि पिशवी उघडायचीही भीती वाटली, म्हणून काही दिवस तशीच ठेवली. शेठ माझ्याशी पूर्वीसारखेच गोड बोलायला लागले, कारण सिस्टीम मोडली नव्हती, नुसती दुसऱ्या माणसावर गेली होती.

दीड फुटाचे पंधरा, सासऱ्याचं नाव, पिवळ्याचं गुलाबी, सगळं एका दिवसात सरांचं झालं. मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकायचे. सर फोन उचलून म्हणायचे, "हां, बोला. थांबा, तुमचं वाक्य पुरं होऊ दे. आता मी बोलतो. चूक आमची हाय." न केलेली चूक इतक्या रुबाबात कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आत्या ओरडल्या, "काय ओ सर, एवढे शिकलेले तुम्ही, आन टिंब पाडता?" सर म्हणाले, "पडलं, आत्या. टिंबच ते. तुम्ही इतके देव घडवता, तुमच्या एखाद्याचा कान उडत नाय काय?" पलीकडे आत्या हसल्याचं मला खुर्चीवर ऐकू आलं. पिवळं-गुलाबीवाल्याला तर सरांनी आठवडाभरात टायपिंगचं महत्त्व पटवलं. क्लास गेल्यापासून त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

सीझन उतरल्यावर पुढच्या मीटिंगमध्ये इंजिनिअर बोलता बोलता म्हणून गेले की गिटला अशीही सोय आहे, न दिसणाऱ्या खुणांचे बदल सोडून द्यायला सांगता येतं. मग प्रत्येक ओळ तिच्या खऱ्या माणसाचं नाव सांगते.

"अरे! आधी नाही बोललास?" शेठ.

"कुणी विचारलं नाही."

"मग बघूया ना खरी नावं."

इंजिनिअरच्या तोंडावरचा रंग गेला. दीड फूट कुणाचे होते ते आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. सर म्हणाले, "नको शेठ. याला फोनवर बोलता येत नाय. गिऱ्हाईक तुटेल." शेठनाही एक नवी सोय शिकायचा त्रास वाचला. मीटिंगमध्ये ठरलं, आहे तसं चालू ठेवावं, आणि एकी ठेवावी.

ऑफिसातले नवे लोक ही गोष्ट ऐकतात आणि मला म्हणतात, "पण ताई, चूक सरांचीच होती ना? बटण त्यांनी केलं, दाबायला त्यांनी सांगितलं. उपकार कसले?" हिशोबानं बरोबर आहे. पण त्या टेबलाशी ज्यांची चूक होती ते सगळेच बसले होते. टिंब पाडणारे होते, खोक्यांचा कायदा माणसांना लावणारे होते. भजी सगळ्यांनी खाल्ली. "माझी हाय" म्हणणारा एकच निघाला, आणि त्यासाठी ज्यावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं ती गोष्ट त्यानं आपल्या हातानं पुसली. उपकार म्हणजे दुसरं काय असतं, मला माहीत नाही. शाळेत तो धडा आला असेल तर मी सोडल्यानंतर आला असेल.

सर आता रोह्याला असतात. मुलगी तिथेच दिलेली आहे, आणि गुडघ्यांमुळे एकटं राहणं जमेना. ऑफिस त्यांनी सोडलं, पण नाव ओळींवर आहे, आणि शेठ आजही तक्रार आली की त्यांचाच नंबर देतात. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "गो ताई, बाबांना आता नीट ऐकू येत नाय. फोन वाजला की झोपेतून उठून बसतात, समोरचा काय म्हणतो ते न ऐकताच म्हणतात, चूक आमची हाय. काल कुणी राँग नंबर होता, त्यालाही म्हणाले."

मला आता ओळी बदलायची परवानगी आहे. इंजिनिअर बघतात, पण करू देतात. एखादी ओळ मी खरोखर दुरुस्त करून पाठवली की तिच्यावरचं सरांचं नाव जातं आणि माझं येतं. दीड फुटाची ओळ मी गेल्या महिन्यात केली. ते टिंब आता पडत नाही. चुकून पडलंच तर आत्यांचा फोन मला येईल, सरांना नाही. सासऱ्याच्या नावाची ओळ सध्या हातात आहे. हात थरथरतोच, म्हणून एकेक अक्षर थांबून लिहिते.

सर, एकदम जमायचं नाही. प्रोग्राम मोठा आहे आणि मी घाबरट आहे. पण मी एकेक ओळ तुमच्या नावावरून उतरवून घेणार आहे, नीट करून, मगच. एक दिवस असा येईल की हमरापूरचा कुणी कितीही चिडला तरी शेठना तुमचा नंबर द्यायला एकही ओळ उरलेली नसेल, आणि तुम्ही रोह्याला दुपारभर गाढ झोपाल. तेवढं मी करीन.